टेक्सासमधली खंडेनवमी

नायगारा बघितला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीतल्या बायकांचं समाधान होईल. परत आल्यापासून जी भेटते ती तेच विचारते, लिफ्टमध्ये विचारते, भाजीवाल्यापाशी विचारते. अहो, माझी लेक टेक्सासमध्ये राहते, तो धबधबा कुठल्या कुठे राहिला. अडीच महिन्यांत मी लेकीचं घर, नातीची शाळा, एक देऊळ आणि सहा-सात दुकानं यापलीकडे फारसं काही पाहिलं नाही. पण एक गोष्ट पाहिली. तीच लिहिते.

आमचे हे आले नाहीत. तुर्भ्याला कांदा-बटाट्याचा गाळा आहे आमचा, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाळा सोडून अमेरिकेला जाईल असा माणूस अजून साताऱ्यात जन्मायचाय. "तू जा, मी हाय की," म्हणाले आणि मला एकटीला विमानात बसवून दिलं. गणपती विसर्जन झालं आणि मी निघाले.

विमानतळ आणि बुटांचं दुकान

सोसायटीच्या मागे आपट्याचं झाड आहे. तिकडे दसऱ्याला सोनं कुठून मिळणार, म्हणून त्याची पानं कागदात गुंडाळून बॅगेत ठेवली होती. विमानतळावरच्या साहेबाने विचारलं, झाडपाला, बिया, माती काही आहे का? मला खोटं बोलता येत नाही, येतं पण पटकन येत नाही. हो म्हणाले. त्याने हातमोजे घातले, माझी पानं चिमटीत धरून बाजूच्या डब्यात टाकली आणि हसून "वेलकम" म्हणाला. एवढ्याशा पानांची एवढी काळजी! शिस्तीचा देश दिसतोय, असं मनात म्हटलं.

चार दिवसांनी चालायला जायचे बूट घ्यायला जावई अभिजितराव मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. एका बाजूला बूट, पलीकडे मुलांच्या सायकली, पुढे मासे पकडायचे गळ, आणि त्याच्या शेजारी भिंतभर बंदुका. आपल्याकडे छत्र्या टांगतात तशा टांगलेल्या. एक माणूस फॉर्म भरत होता, दुकानदार कॉम्प्युटरवर काहीतरी तपासत होता. आम्ही बूट घेऊन पैसे भरेपर्यंत तो माणूस लांबलचक खोका घेऊन आमच्या पुढून बाहेर गेला.

"झालं?" मी अभिजितरावांना विचारलं. "पोलीस पाटलाचा दाखला नको? कलेक्टर नको?"

ते हसले. म्हणाले, "आई, इथे साधं पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही आता लायसन लागत नाही."

मला हसू येईना. माझ्या माहेरी बंदूक होती. पाटण तालुक्यात आमचं रान डोंगराला लागून, रानडुकरं भुईमूग ठेवायची नाहीत. वडिलांनी बारा बोअरचं लायसन काढलं तेव्हा तालुक्याला इतके हेलपाटे घातले की आई म्हणायची, तेवढ्यात दुसरी पोरगी उजवली असती. पुन्हा दर निवडणुकीला ती बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची. एकदा परत आली ती उंदरांनी पट्टा कुरतडलेली. हे सगळं आम्हाला जाच वाटायचं. त्या दुकानात उभी राहून मला पहिल्यांदा त्या जाचाबद्दल बरं वाटलं.

ओवीचं कपाट

नात सात वर्षांची, ओवी. एके दुपारी घरात कुठे दिसेना. हाका मारल्या, ओ नाही. शेवटी कपडे ठेवायच्या कपाटाचं दार जरासं उघडं दिसलं. आत बाहुल्या ओळीने भिंतीला टेकवून बसवलेल्या आणि ही त्यांच्या पुढे, तोंडावर बोट ठेवून. मी आपली आनंदाने धप्पा म्हणून ओरडले.

ती रागावली. "आजी, आवाज नाही करायचा. आवाज केला तर आपण इथे आहोत ते त्याला कळतं."

"कुणाला?"

"जो येईल त्याला."

लपाछपी नव्हती ती. शाळेत शिकवतात. बाईंनी दिवा बंद केला की कोपऱ्यात जायचं, एकमेकींना चिकटून बसायचं, हसू आलं तरी हसायचं नाही. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर काय करायचं त्याची तालीम. आपल्याकडे पोरं पंधरा ऑगस्टच्या कवायतीची तालीम करतात. लेकीला, दीपालीला, संध्याकाळी विचारलं तर ती भांडी मशीनमध्ये लावत म्हणाली, "वर्षातून काही वेळा असतं, आई. सवय होते." पण तिची पाठच होती माझ्याकडे, आणि सवय झालेल्या माणसाची पाठ तशी नसते.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. शाळा तीनला सुटते, हिचं ऑफिस सहाला. मधले तीन तास ओवी शेजारच्या लिंडाकडे असते. लिंडाची नात एम्मा ओवीच्याच वर्गात, आणि ती आजीकडेच वाढते. लिंडा पैशाचं नाव काढू देत नाही. सोन्यासारखी बाई. पण तिचा नवरा शिकारी होता, दोन वर्षांपूर्वी वारला, आणि हॉलमध्ये त्याचा मेलेल्या हरणाशेजारी बसलेला मोठा फोटो आहे. त्या घरात बंदुका असणार. कुठे आहेत, कुलपात आहेत का, हे दीपालीला विचारायचं होतं. वर्ष झालं, तिने विचारलं नव्हतं.

"अगं, मग विचार की," मी म्हटलं.

"असं नाही विचारता येत इथे. म्हणजे काही जण विचारतात. पण लिंडाला वाटेल की मी तिच्यावर संशय घेतेय. ती रागावली तर ओवीला ठेवू कुठे?"

आपल्याकडे पगार किती, लग्न का नाही, मूल कधी, सगळं पहिल्या भेटीत विचारून मोकळं होतो. आणि माझी लेक एवढ्या एका प्रश्नासाठी वर्षभर रोज दुपारी तीन ते सहा जीव मुठीत धरून ऑफिसात बसत होती. मी होते तोवर ओवी माझ्यापाशी राहणार होती. पण माझं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं. त्याच्या आत काय ते व्हायला हवं होतं.

त्यात अभिजितरावांचं वेगळंच. मागच्या गल्लीत कुणाची तरी घरफोडी झाली, तेव्हापासून त्यांच्या मनात आपणही एक बंदूक घ्यावी असं होतं. सगळ्यांकडे आहे, आपल्याकडेच नाही, म्हणजे आपणच येडे का, असा त्यांचा सवाल. दीपालीने ती आली तर मी जाईन असं सांगितलेलं. दोघं जेवताना या विषयावर इंग्रजीत भांडायची, मला कळू नये म्हणून. मला कळायचं.

लिंडाचा ओटा

लिंडाची आणि माझी ओळख तिच्या दारापुढच्या ओट्यावर झाली. माझं इंग्लिश बँकेत पासबुक भरून घेण्यापुरतं, तिचं मराठी शून्य. तरी रोज अर्धा तास बसायचो. अडलं की ओवी सांगायची. लिंडा मला सरळ "सुमन" म्हणायची. पंचवीस वर्षांत मला कुणी नावाने हाक मारलेली नाही, मी दीपालीची आई नाहीतर काकी. पहिल्यांदा दचकले, मग आवडायला लागलं.

माहेरची बंदूक निवडणुकीला जमा व्हायची, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. सरकार घेऊन जायचं? आणि परत द्यायचं? उंदरांचं ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, इथे कुणी असं करायला गेलं तर लोक रस्त्यावर येतील. तिची मतं पक्की होती. तिच्या तरुणपणी, नवरा कामाला बाहेरगावी असताना, कुणीतरी मागचं दार ढकलत होतं. पोलीस यायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं तिच्या हातात नवऱ्याची रायफल होती, म्हणून मी आज तुझ्याशी बोलतेय, असं ती म्हणाली. अंगणात तिने निवडणुकीची पाटी लावलेली, आणि आमच्या अंगणात तिच्या बरोबर विरुद्ध पक्षाची. दोन्ही पाट्यांच्या मधून पोरी उड्या मारत जायच्या. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि दोन्ही बाजू मला कळल्या, हीच तर पंचाईत.

मग नवरात्र आलं. अष्टमीच्या दिवशी मी तिच्या ओट्यावर बसून भाजी चिरत होते, दुसऱ्या दिवशीची सुद्धा. आमच्या घरी खंडेनवमीला विळी-सुरी चालवत नाहीत, ती पाटावर पूजेला बसलेली असते. ते मी तिला समजावून सांगितलं. शस्त्रं मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा, दिवसभर त्यांना सुट्टी. माहेरी आमच्या पडवीत सगळ्या आळीचे कोयते, कुऱ्हाडी यायच्या. शेजाऱ्यांना बोलवायची रीतच आहे. सांगता सांगता माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तू पण ये ना उद्या. तुझं पण घेऊन ये."

ओवीने चोख भाषांतर केलं.

लिंडा माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, डग्लसला हे फार आवडलं असतं. डग्लस म्हणजे तिचा नवरा.

घरी येऊन सांगितलं तर दीपाली मटकन खुर्चीत बसली. "आई, तू काय केलंस! ती सुरी नाही आणणार!" अभिजितरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता नको म्हणायला जायचं तरी कुणी? वर्षभर जिथे एक प्रश्न विचारवला नाही तिथे आमंत्रण परत घ्यायची छाती कुणाला होती? मी गप्प बसले. इतकी गप्प मी माझ्या लग्नातही नव्हते.

खंडेनवमी

सकाळी पाट मांडला. विळी तिकडची नव्हेच, मीच बॅगेतून नेलेली. दोन सुऱ्या, अभिजितरावांची ड्रिल मशीन, दीपालीचा लॅपटॉप, ओवीची कंपासपेटी. झेंडू भारतीय दुकानातला, फ्रीजमध्ये राहून मान टाकलेला.

अकरा वाजता लिंडा आली, चांगला ड्रेस घालून, ओठांना रंग लावून. एका हातात भोपळ्याचा केक, काखेत बुटांचं खोकं, मागे एम्मा. खोक्यात रिव्हॉल्व्हर होतं. काळं, छोटंसं, मूठ लाकडी. शिकारीच्या रायफली गॅरेजात लोखंडी कपाटात कुलपात आहेत, म्हणाली, पण डग्लसचं लाडकं हे. तिने ते पाटावर, माझ्या विळीशेजारी, अलगद ठेवलं. दोघी पोरी हातात फुलं घेऊन पुढेच उभ्या.

मी हळदीत बोट बुडवलं आणि थांबले. वडील बंदूक कधी तशीच पाटावर ठेवायचे नाहीत. आधी बिजागरीपाशी मोडून उघडायचे, दोन्ही नळ्यांत करंगळी घालायचे आणि आईला दाखवायचे. आईने आत बघून मान हलवली की मगच हळदकुंकवाचं तबक पुढे यायचं. लहानपणापासून मला तो पूजेचाच भाग वाटत आलेला.

"उघडून दाखव," मी लिंडाला म्हटलं.

ती हसली. रिकामं आहे, डग्लस कधीच भरलेलं ठेवायचा नाही.

"असेल. पण आमच्यात दाखवल्याशिवाय कुंकू लागत नाही."

ओवीने सांगितलं. लिंडाने खांदे उडवले, माझ्या समाधानासाठी ते उचललं, तोंड भिंतीकडे केलं आणि बाजूची कळ दाबली. गोल चक्री बाहेर आली. चक्रीत गोळ्या होत्या, सगळ्या घरांत.

लिंडाचा हात तसाच हवेत राहिला. अभिजितराव पुढे झाले आणि पोरींच्या खांद्याला धरून त्यांना मागे ओढलं. लिंडा पुटपुटत होती की शक्य नाही, तो तर रिकामं ठेवायचा. शेवटी आजारपणात कधीतरी भरलं असेल, मला बोलला नाही.

तेवढ्यात एम्मा म्हणाली, "ते आजोबांच्या ड्रॉवरमधलं आहे. आम्ही त्याला हात नाही लावत. आम्ही फक्त त्याच्या खालचा चष्मा घेतो, डॉक्टर-डॉक्टर खेळायला."

"एम्मा घेते," ओवी म्हणाली. "मी ते नुसतं धरून ठेवते, तोवर."

दीपालीच्या तोंडून आवाज आला, रडण्याचाही नाही आणि शब्दही नाही. लिंडाने चक्री उलटी केली, गोळ्या एकेक करून खोक्यात पडल्या, आणि मग ती जमिनीवरच बसली, चांगल्या ड्रेससकट. मी पाटापुढून उठले. त्या वस्तूला कुंकू लावायला माझा हात होईना. जे बोट बुडवलं होतं ते मी दोघी पोरींच्या कपाळाला पुसलं, आधी एम्माच्या, मग ओवीच्या, आणि दोघींना पोटाशी धरून इतकी रडले की त्या घाबरल्या. काही झालेलं नव्हतं. वर्षभर रोज तीन तास होऊ शकलं असतं आणि काही झालेलं नव्हतं. रडता रडता मी हेच म्हणत होते, आणि मराठीत म्हणत होते तरी लिंडा मान हलवत होती.

दसरा

त्याच दुपारी लिंडाचा भाऊ येऊन ते रिव्हॉल्व्हर आणि गोळ्या घेऊन गेला, वेगवेगळ्या पिशव्यांतून. त्याच्याकडे तिजोरी आहे. दसऱ्याला संध्याकाळी दीपाली श्रीखंड-पुरी घेऊन तिच्या ओट्यावर गेली. मी मागून गेले. आपट्याऐवजी अंगणातल्या कुठल्याशा झाडाची पानं तोडली होती, गोल, मधे चीर नसलेली. लिंडाला सोनं म्हणून दिली. तिने पर्समध्ये जपून ठेवली.

दोघी खायला बसल्या. मग दीपालीने सांगून टाकलं की वर्षभर तिला हेच विचारायचं होतं.

"विचारायचं होतंस ना," लिंडा म्हणाली.

"तू रागावली असतीस."

"हो, रागावले असते." तिने पुरीचा तुकडा बशीत ठेवला. "तरी विचारायचं."

पुढे ती म्हणाली की कायद्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. दीपाली म्हणाली, माझंही नाही. अंगणातल्या पाट्या जिथल्या तिथे राहिल्या. पण अभिजितरावांनी बंदुकीचा विषय त्यानंतर काढला नाही, आणि मी निघायच्या आदल्या सोमवारी ओवी पुन्हा लिंडाकडे जायला लागली. पहिल्या दिवशी दीपाली ऑफिसातून मुद्दाम लवकर आली आणि स्वतः तिला सोडून आली. आत गेली तेव्हा लिंडाने न विचारता सगळे ड्रॉवर उघडून दाखवले म्हणे, मोज्यांचेसुद्धा. घरी येऊन लेक सोफ्यावर आडवी झाली आणि बुटांसकट झोपली. मी अंगावर चादर घातली. माझाही जीव भांड्यात पडला होता, पण विमानात बसेपर्यंत पुरता पडला असं म्हणणार नाही. ओवी काही नेहमी त्या एकाच घरी खेळणार नव्हती.

खांदेश्वर

परत येऊन पंधरा दिवस झाले. ह्यांनी गाळ्यावर तराजूची पूजा केल्याचा फोटो दाखवला, मी माझ्या पूजेची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझा बाप लई शहाना होता." लग्नाला चाळीस वर्षं होत आली, माझ्या माहेराबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघाला तो हा पहिला.

परवा शनिवारी रात्री दहा वाजता दीपालीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ. स्वयंपाकघरात टेबलाशी लिंडा चहा पीत बसलेली, माझ्याच मसाल्याचा. मला बघून हात हलवला, बोट वर करून थांब म्हणाली आणि कानाला लावलेला फोन सावरला. ती दुसऱ्याच कुणाशी बोलत होती. दीपाली मला हळू आवाजात सांगायला लागली की वर्गातल्या एका मुलीचा आज वाढदिवस आहे, दोघींना बोलावलंय, त्या लोकांना आम्ही फारसं ओळखत नाही. तेवढ्यात लिंडाचा आवाज आला, अगदी सरळ, दूधवाल्याला उद्या एक लिटर जास्त दे म्हणावं तसा.

"माझ्या दोन मुली येणार आहेत तुमच्याकडे. घरात बंदूक आहे का? कुठे असते?"

पलीकडून काय उत्तर येतंय ते मला ऐकू येत नव्हतं. दीपालीने फोन धरलेला हात स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवला, आमचे हे पेपर खाली ठेवून माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. लिंडा ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. मधे एकदा विचारलं, किल्ली कुणाकडे असते? मग आभार मानून तिने फोन ठेवला, आमच्याकडे बघून मान हलवली, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून दोघींना हाक मारली की बूट घाला.